आतल्या खोलीचा मेझुझा

कुठल्या बाजूला ठोकलास? हसू नकोस शिमशोन, मी साधं विचारतोय. नव्या घराच्या दारांना मेझुझे तूच ठोकलेस, मोबाइलवर व्हिडिओ बघून, हे जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलंस. तेव्हा मी गप्प बसलो, कारण माझी बहीण मासे वाढत होती आणि तिच्या हातचे मासे खाताना मी कुणाशी भांडत नाही. आता विचारतो. बाहेरच्या दाराचं ठीक आहे, शिरताना उजवीकडं, तिथं कुणी चुकत नाही. आतल्या खोल्यांचं काय केलंस?

"बरोबरच असेल, मामा." असेल म्हणे.

बस इथं. ओरली, नवऱ्याला बसव आणि तूही बस. शब्बाथ सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत. अंधार पडत आलाय आणि शब्बाथला कुठलंच काम चालत नाही, दिव्याच्या बटणालाही हात लावता येत नाही, तेव्हा ऐकण्यावाचून तुम्हाला इलाज नाही. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. मला आवडत नाही.

इथं दिमोनाला राहायला यायच्या आधी पस्तीस वर्षं मी यरुशलेमात सुतारकाम केलं, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीच्या मागं एक जुनं दगडी अंगण होतं, भोवती पाच घरं. त्यातलं एक मेनाशेनं घेतलं. मेनाशे म्हणजे कुर्दी माणूस, बस चालवायचा. अंगानं रेडा आणि स्वभावानं गाय. त्याला एकच खोड होती. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. शब्बाथला चहाचं गरम पाणी कुठल्या भांड्यातून कुठल्या भांड्यात ओतायचं, हेसुद्धा रब्बी नाहूमना विचारून यायचा. म्हणून सांगतो, ही गोष्ट खरी आहे. अर्धी मी पाहिली, अर्धी मेनाशेनं सांगितली, आणि मेनाशेला खोटं बोलायचं झालं असतं तर तो आधी परवानगी मागायला गेला असता.

त्याची बायको गेऊला. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली, तिर्झा. हे घर घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. अकरा वर्षं वाट बघून झालेलं एकुलतं एक मूल, आता काय सांगायचं. दोघं तिच्याकडं बघत बघतच जगायची.

त्या घराला बैठकीची खोली होती, एक निजायची, आणि मागं डोंगराच्या दगडात खोदलेली लहानशी खोली. तिला खिडकी नाही, दुसरं दार नाही. थंडीत उबदार राहते म्हणून ती तिर्झाला द्यायची ठरली. जुनं दार कुजलं होतं, ते मी काढलं आणि पाईनची नवी चौकट, नवं दार बसवलं. पण आत पलंग ठेवला की दार उघडेना. मग मी ते उलटं लावलं, बैठकीत उघडेल असं. दहा मिनिटांचं काम. आज बारा वर्षं झाली, ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता तारीख ऐका. शुक्रवार, तेरा डिसेंबर, दोन हजार तेरा. तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवसाचा उपास त्या वर्षी शुक्रवारीच आला होता. आणि तो बर्फ आठवतो ना? गुरुवारपासून पडत होता. बस बंद, रस्ते बंद, झाडं मोडून तारांवर पडलेली. सगळ्या दारांचे मेझुझे झाले होते, या एका खोलीचा राहिला होता, आणि गेऊलानं सांगून टाकलं होतं की तो लागल्याशिवाय पोरगी तिथं झोपणार नाही. म्हणून मेनाशे सकाळी गुडघाभर बर्फातून, मेझुझ्याच्या चामड्यावर तोराहची वचनं लिहिणाऱ्या लेखनिकाकडं गेला. तपासलेलं चामडं घेतलं, पितळेची नळी घेतली, आणि दोन वाजता माझ्या दारात आला.

"हनोखभाऊ, हातोडी आणि तुम्ही, दोघं चला."

मी गेलो. चामडं नळीत सरकवलं, मेनाशेनं नळी चौकटीला धरली, आणि मी बघतो तर काय.

"मेनाशे, ही बाजू कुठली?"

"उजवी."

"कुणाची उजवी? खोलीत शिरताना ती डावीकडं येते."

"बिजागरी बघा ना," तो म्हणाला. "कुठली खोली आतली आणि कुठली बाहेरची असा प्रश्न पडला की बिजागरी बघायची. दार जिकडं उघडतं ती आतली. हे दार बैठकीत उघडतं. म्हणजे बैठक आतली, ही खोली बाहेरची. खोलीतून बैठकीत येताना उजवा हात कुठला? हाच."

"अरे शहाण्या, तो नियम दोन्हीकडून वाट असेल तेव्हा. इथं प्रश्न पडायला आहे काय? या खोलीला दुसरं दार नाही. हिच्यातून आत येणार कोण?"

गेऊला ओट्याजवळून म्हणाली, "रब्बींना विचारून ये की. एरवी शिंकलास तरी पळतोस विचारायला."

"एवढं मलाही कळतं," मेनाशे म्हणाला. सुतारासमोर बायकोनं टोमणा मारलेला त्याला लागला होता. आणि मी? पोटात कावळे ओरडत होते, पाय गारठले होते, घरी जायचं होतं. मी म्हणालो, ठोक बाबा. वर माझ्याच डब्यातले दोन खिळे दिले, चांगले तीन इंची, खाली पडू नये म्हणून. त्यानं आशीर्वाद म्हटला, मी आमेन म्हणालो.

आमेन म्हणालो मी. लक्षात ठेवा.

दुपारची प्रार्थना व्हायची होती. तेवेतचा दहावा म्हणजे ज्यांच्या मरणाचा दिवस कुणाला माहीत नाही अशांसाठी कद्दीश, मेलेल्यांच्या नावची प्रार्थना, म्हणायचा दिवस. रब्बी नाहूम दरवर्षी म्हणायचे. पण कद्दीशला दहा पुरुष लागतात. त्या दिवशी बर्फातून सिनेगॉगपर्यंत पोचलो आम्ही सात. वाट बघितली, बघितली. भोंगा वाजला, शब्बाथ लागायची वेळ झाली. कद्दीश राहिला. म्हातारे रब्बी हात चोळत म्हणाले, "असं कधी झालं नव्हतं." मग आम्ही आपापल्या घरी गेलो.

इथून पुढचं मेनाशेनं सांगितलेलं आहे.

उपास सुटला. जेवणं झाली. साडेसहाला गेऊलानं तिर्झाला नव्या खोलीत झोपवलं आणि बैठकीतली ऊब आत जावी म्हणून दार वीतभर उघडं ठेवलं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. सगळ्या गल्लीचीच गेली. टेबलावर शब्बाथचे दोन दिवे, तेही संपत आलेले. नवराबायको बसून राहिली. बाहेर बर्फ पडत असला की आवाज कसा बंद होतो, माहीत आहे ना? तसं.

मग खोलीच्या दाराशी काहीतरी वाजलं.

पितळेच्या नळीला बोटं लागली, आणि मग मुका. आपण येता-जाता मेझुझाला हात लावून बोटांचा मुका घेतो ना, तोच आवाज. त्या घरात कुणालाही झोपेत ओळखू आला असता.

"तिर्झा, झोप गं," मेनाशे म्हणाला.

दार थोडं हललं. फरशीवर अनवाणी पावलं. टेबलाकडं आली. दिसलं कुणी नाही.

सहा खुर्च्या होत्या. टोकाची एक खुर्ची मागं सरकली.

गेऊलानं मेनाशेचं मनगट धरलं. तेवढ्यात पुन्हा... बोटं. मुका. ही पावलं लहान होती. दुसरी खुर्ची सरकली. मग तिसऱ्यांदा. ती तर अगदीच लहान. नळीपर्यंत हात पोचत नव्हता बहुतेक. कुणीतरी उचलून धरल्यासारखं झालं... मग मुका.

तिसरी खुर्ची.

टेबलावर ब्रेड होता, फडक्याखाली झाकलेला. तिन्ही खुर्च्यांकडून वास येत होता. मेनाशे म्हणाला, हनोखभाऊ, तो भुकेचा वास होता. भुकेला वास असतो का, मला विचारू नका. तो असं म्हणाला.

आणि मग खोलीतून तिर्झाचा आवाज आला.

"आबा, आत येऊ का?"

मेनाशेला वाटलं, ती बाहेर बैठकीत आली तर यांच्यात येणार. पोरीला यांच्यापासून लांब ठेवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. कुठल्याही बापाच्या आलं असतं.

तो म्हणाला, "नको! तिथंच थांब. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

थोडा वेळ गेला. खुर्च्या हलल्या नाहीत. गेऊला एकदम कुजबुजली.

"'आत' का म्हणाली ती?"

"काय?"

"ती आतच आहे ना? मग 'आत येऊ का' कसं विचारलं?"

मेनाशे उठला. टोकाच्या खुर्चीला वळसा घालून गेला आणि त्यानं दार पूर्ण उघडलं.

पलंग नव्हता.

मागची भिंत नव्हती.

खोलीत बर्फ पडत होता.

दिव्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत जात होता. पुढं नाही. पुढं काळोख आणि वारा. त्यानं हात घातला. हाताला काही लागलं नाही.

"तिर्झा..."

"थांबलेय, आबा." लांबून. खूप लांबून.

तो उंबरा ओलांडणार तेवढ्यात गेऊलानं मागून सदरा धरला. "तू गेलास तर तूही बाहेरच राहशील! अरे, बाहेर झालंय ते! तुझ्या मेझुझानं झालंय. सुतार काय म्हणत होता? तिकडून आत येणार कोण? आले ते! उपट आधी तो!"

मेनाशेनं नळीला हात लावला. आणि थांबला.

"शब्बाथ आहे," तो म्हणाला.

"पोरगी आहे!"

"जिवावरचं असलं तर चालतं... पण हे जिवावरचं आहे की माझे डोळे फिरलेत, हे मी कसं ठरवू? दुपारी मी स्वतःच ठरवलं, त्याचं हे झालं. मी रब्बींना... धावत जाऊन येतो."

आणि गेला.

रागावू नकोस ओरली. मीही पुष्कळ रागावलोय त्याच्यावर. पण तो घाबरला होता. दुपारी विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायची वेळ नव्हती तर धावला. भिंतीवर चावीचं घड्याळ होतं. बाहेर पडताना त्यानं बघितलं. सात वाजून दहा मिनिटं.

रब्बी नाहूमांचं घर दोन अंगणं सोडून, वर जिना. अंगणाचं फाटक बर्फानं गच्च. ते त्यानं हातांनी उकरलं. जिन्यावर दोनदा पडला. दार ठोठावलं तर म्हातारा झोपलेला. शेवटी खिडकी किलकिली झाली.

"रब्बी, एखाद्याची मुलगी त्याच्याच घरात... बाहेर राहिली, तर शब्बाथला खिळा उपटलेला चालतो का?"

"मुलगी दिसते का?"

"नाही."

"आवाज येतो?"

"लांबून येतो."

म्हातारा खिडकीतून निम्मा बाहेर आला. "आणि तू इथं उभा आहेस? अरे करंट्या, अशा वेळी विचारायला येणाराच पोराच्या रक्ताचा धनी होतो! पळ!"

तो पळाला. अंगणात शिरला तर घरात अंधार. दिवे संपले होते. आतून गेऊलाचा श्वास ऐकू येत होता आणि लाकडावर काहीतरी खरवडल्याचा आवाज. नवरा गेल्या क्षणापासून ती नळी उपटत होती. सुरी घातली, सुरीचं पातं मोडलं. मग बोटं घातली. माझे खिळे होते ते, तीन इंची. तिची दोन नखं मुळापासून निघाली. तोंडानं सारखी म्हणत होती, "ये बाळ, आत ये, तुझी इमा बोलावतेय, ये." पोरगी काही येत नव्हती. तिला आबानं थांबायला सांगितलं होतं.

मेनाशेनं अंधारात नळी धरली. दोघांनी मिळून ओढली.

निघाली.

बर्फाचा वारा थांबला. टेबलाकडं एक खुर्ची पडली. मग दुसरी... मग काहीच नाही. मेनाशेनं उंबऱ्यावर हात फिरवला आणि त्याच्या हाताला केस लागले. ओले. बर्फानं कडक झालेले. तिर्झा उंबऱ्यावर उभी होती, झोपायच्या झग्यात. मागं पलंग होता, भिंत होती. तिला त्यानं उचललं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू म्हणालास थांब. मी थांबले."

त्यानंतर घड्याळ वाजलं ते त्यानं ऐकलं. साडेसातचा एक ठोका. म्हणजे बघा, तो बाहेर पडल्यापासून वीस मिनिटं. सगळी मिळून वीस मिनिटं.

शब्बाथ सुटल्यावर मेनाशे माझ्याकडं आला. दारातच मटकन बसला आणि हे सगळं सांगितलं. मी त्याला चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. रविवारी सकाळी रब्बी नाहूमांना घेऊन मी हत्यारांची पेटी उचलली आणि गेलो. रब्बींनी वाटेत सांगितलं, पहिल्या महायुद्धात, तुर्काचं राज्य असताना, शहरात उपासमार झाली, ताप आला. त्या दगडी खोलीत एक बाई आणि तिची दोन पोरं होती. ताप लागू नये म्हणून अंगणातल्या लोकांनी बाहेरून दार बंद केलं. पुन्हा उघडलं ते किती दिवसांनी, कुणी लिहून ठेवलं नाही. मरणाचा दिवस माहीत नाही, म्हणून रब्बींचे आजोबा तेवेतच्या दहाव्याला त्यांचा कद्दीश म्हणायचे, मग वडील, मग ते स्वतः. रब्बी सांगताना रडत होते. मला त्या वेळी त्या तिघांची दया आली नाही, खरं सांगतो. नंतर आली.

तिर्झा बरी आहे. आता सतरा वर्षांची आहे, उंच झालीय, अभ्यासात हुशार आहे. फक्त दारात उभी राहते. कुणी 'ये' म्हटल्याशिवाय आत येत नाही. स्वतःच्या घरातसुद्धा. मेनाशे रोज संध्याकाळी दाराकडं तोंड करून बसतो, तिला उभं राहायला लागू नये म्हणून. बस चालवणं त्यानं सोडलं.

पण मी सांगायला बसलो होतो ते हे नाही.

त्या रविवारी मी मेझुझा दुसऱ्या बाजूला लावला, शिरताना उजवीकडं, जिथं तो असायला हवा. मग खिळ्यांची जुनी भोकं बुजवायला म्हणून डाव्या बाजूला वळलो. भोकं खांद्याच्या उंचीला होती. त्यांच्या खूप खाली, माझ्या कमरेशी, हाताला काहीतरी वेगळं लागलं. मी दार उघडून उजेड घेतला.

मी नुकत्याच बसवलेल्या त्या नव्या चौकटीत खोबण पडली होती. तीन बोटांच्या रुंदीची, पेरभर खोल. पटाशीची नव्हे, सुरीची नव्हे. हत्यारानं केलेलं मला कळतं. कडा गुळगुळीत, आणि लाकूड तिथं तेलकट काळं. जुन्या घरांत असं बघितलंय मी, जिथं आजे-पणजे येता-जाता एकाच जागी बोटं टेकवत आले.

मेनाशे माझ्या मागं उभा होता. त्यानं वाकून बघितलं.

"हनोखभाऊ," तो म्हणाला, "लाकूड बोटांनी असं झिजायला किती वेळ लागतो?"

मी सुतार आहे. मला माहीत होतं. पाईन मऊ असतं, तरी साठ वर्षं लागतील. सत्तर लागतील.

मी म्हणालो, "लाकूड ओलं होतं रे. ओल्याचं असंच होतं."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात तिर्झा आली. उंबऱ्यावर थांबली, आमच्याकडं न बघता हात वर केला आणि तीन बोटं त्या खोबणीत ठेवली. बरोबर बसली.